लांजेवार सरांच्या फळ्याचा कोपरा

मास्तरकीत दुसरं काही साठत नाही, किस्से तेवढे साठतात. आमच्या जुन्या स्टाफमधले चार-पाच जण अजून भंडाऱ्यातच आहेत. कोणाकडे बारसं असो की तेरवी, भेटलो की पाच मिनिटांत कोणीतरी लांजेवार सरांचा किस्सा काढणारच. पहिल्याला पोट धरून हसणं, दुसऱ्याला त्याहून जास्त. मग हसणं जरा कमी होतं. मग पटले गुरुजी पानाचा डबा खटकन बंद करतात अन् म्हणतात, "बस जी. आता पुढचा नको!"

पुढचा सगळ्यांना माहीत असतो. म्हणूनच नको असतो.

आज गुरुजी आलेले नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

*

शाळा सिहोऱ्याकडची. गावाचं नाव सांगत नाही, यातली अर्धी माणसं अजून धडधाकट आहेत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून गणित शिकवायला गेले, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते अन् जगातलं सगळं मला समजतं अशी माझी खात्री होती. पटले गुरुजी हिंदी शिकवायचे. इंग्रजीला लांजेवार सर. काडीसारखा माणूस, पांढराशुभ्र शर्ट, तोंडात कायम लवंग.

आमच्या पोट्ट्यांना एक गोष्ट काही केल्या जमायची नाही. 'तो येईल तेव्हा मी जाईन' हे इंग्रजीत लिहा म्हटलं की दोन्हीकडे 'विल' ठोकून मोकळे! व्हेन ही विल कम, आय विल गो. गेला मार्क. दरवर्षी हेच रडगाणं, दरवर्षी हाच मार्क.

"अबे, 'व्हेन'च्या घरात 'विल'ले जागा नाही," सर म्हणायचे. "जे यायचं हाय ते येतेच, असं धरून लिहायचं. जे पुढं होईन, ते दुसऱ्या अर्ध्यात. 'टिल' घ्या, 'आफ्टर' घ्या, 'बिफोर' घ्या, सगळ्याईचं तेच."

पण पुस्तकातल्या टॉम अन् मेरीचं काय होईल याच्याशी आमच्या पोट्ट्यांना काय देणंघेणं? म्हणून सरांनी गावातल्या जित्या माणसांची नावं घालून वाक्यं लिहायला सुरुवात केली. मॅट्रिकच्या वर्गातल्या फळ्याचा वरचा उजवा कोपरा त्यांनी चौकट आखून राखून ठेवला. त्यात एक वाक्य. अन् नियम असा, की त्या वाक्यातलं जोवर खरोखर होत नाही तोवर ते पुसायचं नाही. झालं, की पोरं ओरडत येणार, "सर, झालं!" मग सोमा चपराशी ओलं फडकं घेऊन येणार अन् कोपरा पुसणार. पुसायचा मान फक्त सोमाचा. दुसऱ्या कोणी हात लावलेला सरांना चालत नसे.

पहिलं वाक्य पटले गुरुजींचं होतं. 'व्हेन पटले गुरुजी बाइज अ सायकल, ही विल फॉल इन द तलाव.' गुरुजी सायकल घेतील तेव्हा तलावात पडतील! गुरुजींनी जन्मात सायकल घेतली नव्हती. वाक्य वाचून तेच सगळ्यात जास्त हसले.

दोन महिन्यांनी त्यांनी तुमसरहून नवी कोरी सायकल आणली. हुशार माणूस! तलावाच्या पाळीवर आल्यावर ते खाली उतरले अन् सायकल हातात धरून पायी चालायला लागले. समोरून म्हशी आल्या. त्यातल्या एकीनं नुसती मान वळवली.

गुरुजी सायकलसकट पाण्यात! चिखलानं माखलेले, डोक्यावर शेवाळ, तसेच ते तडक शाळेत आले. वर्गाच्या दारात उभे राहून त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? ओरडले, "सोमा, पूस रे बाप्पा ते! पुन्हा नाही पडत मी!"

*

एकदा वाक्य होतं, 'व्हेन द साहेब कम्स, द हेडमास्टर विल बी इन बेड.' म्हणजे इन्स्पेक्शनला साहेब येतील तेव्हा हेडमास्तर अंथरुणात असतील. इन्स्पेक्शन उन्हाळ्यात व्हायचं, अन् हा होता धानकापणीचा काळ. त्यामुळे हेडमास्तरांनीही मनावर घेतलं नाही.

सोमवारी वाक्य लिहिलं. बुधवारी हेडमास्तरांना थंडीतापानं धरलं. गुरुवारी साहेबांची जीप दारात! ना कागद, ना निरोप.

साहेब वर्गात आले. कोपरा वाचला. पुन्हा वाचला. मग लांजेवार सरांकडे वळून आवाज चढवून म्हणाले, "मी येणार हे मी काल संध्याकाळी ठरवलं. घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

पहिल्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली अन् म्हणाली, "सर, झालं!"

सोमा फडकं घेऊन आलाच. साहेब चहाला थांबले नाहीत.

*

सोमाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

सोमा अन् त्याची बायको जनाबाई शाळेच्या मागेच राहायचे. तो घंटा द्यायचा, फळे पुसायचा. ती पाणी भरायची. एकच पोरगा, माधव. याच शाळेत शिकला अन् मॅट्रिकला इंग्रजीत चार मार्कांनी गेला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी अंगावरच्या कपड्यांनिशी घरातून निघून गेला. कोणी म्हणे बालाघाटला दिसला, कोणी म्हणे रायपूरला. चिठ्ठीचपाटी काही नाही. मी शाळेत आले त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

पेपर बोर्डात तपासला गेला होता, त्यात लांजेवार सरांचा काय दोष? पण सर जनाबाईच्या हातचं पाणी पिताना तिच्याकडे कधी बघायचे नाहीत. सोमा मात्र त्यांना कधी एका शब्दानं बोलला नाही. ते जास्त वाईट होतं.

*

सुमनचा किस्सा मात्र माझ्या नाकावर टिच्चून झाला.

सुमन मॅट्रिकला. शिकायची फार हौस, अन् वडील लग्नाच्या मागे लागलेले. सरांनी लिहिलं, 'बिफोर सुमन गेट्स मॅरिड, शी विल पास मॅट्रिक.' लग्नाच्या आधी सुमन पास होईल.

सुमन नापास झाली. अन् कशात? गणितात! माझ्या विषयात! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील मनातून खूष. आता पाहुणे बोलावायला मोकळे.

पाहुणे आले अन् परत गेले. दुसरे आले, तेही गेले. एकोडीचे तर दारातूनच फिरले. काय कारण, तर नवरदेवाच्या मामाला उंबऱ्यावर पाय टाकवेना. कारण त्यालाही सांगता येईना! आठव्या दिवशी वडील शाळेत आले. टोपी हातात.

"गुरुजी, तेवढं पुसा जी."

"कायले पुसू?" लवंग चघळत सर म्हणाले. "पोरगी पास होऊ द्या की."

"तोपर्यंत जमूनच नाही राहिलं नं काही!"

"नाहीच जमत."

वडिलांनी फळ्याकडे बघितलं. वाचता येत नव्हतं बिचाऱ्यांना. मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, तुमीच हिले गणित शिकवा. नाहीतर मले जन्मभर जावई नाही भेटत!"

रोज सकाळी स्वतः पोरीला माझ्या घरी सोडायचे अन् ओसरीवर बसून राहायचे. सुमन पास झाली. त्याच आठवड्यात शहापूरचं चांगलं स्थळ चालून आलं. तर ही बया म्हणाली, आता नर्सिंग करते, मग बघू!

सगळे हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये कोणी लांजेवार सरांच्या समोर बसेना. आपलं नाव त्यांना सुचू नये, म्हणून.

*

मी बसायचे. विज्ञान मानणारी बाई मी! एकदा भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, योगायोग आहे सगळा. लिहा माझं नाव. बघू काय होतं."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'व्हेन बोरकर बाई गोज टू भंडारा,'

स्वल्पविराम. पुढे काही नाही.

"अर्धंच काहून लिहिलं?" मी विचारलं.

"पुढचं सुचून नाही राहिलं, बाई. सुचलं की लिहितो."

तेव्हा माझी आई भंडाऱ्यात भावाकडे राहायची. दर शनिवारी मी एस.टी.नं जायचे. त्या शनिवारी माझं डोकं दुखलं. पुढच्या शनिवारी पेपर तपासायचे होते. तिसऱ्या शनिवारी तर मी पिशवी भरून स्टँडवर गेले, गाडी आली, कंडक्टर म्हणाला, "चला मॅडम," अन् मी गाडी जाऊ दिली. दोन महिने मी भंडाऱ्याला गेले नाही हो! आई वैतागून स्वतःच मला भेटायला आली.

शेवटी मी सरांसमोर हात टेकले. सरांनी सोमाला हाक मारून ते पुसायला लावलं. नियम मोडला तो तेवढाच एकदा.

जाता जाता मी विचारलं, "पुढचं खरंच सुचलं नव्हतं?"

सर म्हणाले, "सुचलं होतं." अन् तासाला निघून गेले. मी आजतागायत पुन्हा विचारलेलं नाही.

*

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत जनाबाई स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. माधवला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

"गुरुजी, माह्या पोराचं लिवा नं."

लांजेवार सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. "नाही, जनाबाई. मी लिहीत नसतो तसं."

"सगळ्याईचं लिवता. सायकलीचं बी लिवलं तुमी. माह्याच पोराचं काहून नाही?"

"अहो, पहिलं अर्धं लिहिणं सोपं आहे," सर म्हणाले. "दुसऱ्या अर्ध्यात काय लिहू? माझ्या हातून काही वाकडं लिहिलं गेलं तर?"

जनाबाईनं ते आधीच ठरवून आणलं होतं. "लिवा, का मी त्याले भात वाढीन. दुसरं काही लिवू नका."

सर उठले. आम्ही सगळे मागोमाग गेलो. खडू दोनदा मोडला. 'व्हेन माधव कम्स होम, हिज मदर विल सर्व्ह हिम राइस.'

"आता सांगा काय लिवलं ते."

सरांनी एकेका शब्दावर बोट ठेवून सांगितलं, "माधव घरी येते तेव्हा, त्याची माय त्याले भात वाढीन."

"येते म्हणता? येईन नाही?"

"इंग्रजीत असंच म्हणतात, जनाबाई."

"मंग इंग्रजी चांगली हाय," ती म्हणाली. डोळे पुसले अन् पाणी भरायला निघून गेली.

*

ते वाक्य सहा वर्षं राहिलं.

त्यानंतर कोपऱ्यात दुसरं वाक्य आलं नाही. सर पुन्हा टॉम अन् मेरीवर गेले. मॅट्रिकच्या सहा बॅचेस त्या वाक्याखाली शिकून बाहेर पडल्या. दर दिवाळीच्या सुट्टीत सोमा फळ्याला काळं लावायचा, जुन्या सेलमधली पूड कालवून. चौकट सोडून. अन् अक्षरं पुसट झाली की खडूनं वरून गिरवायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं. रांगोळी गिरवावी तसा गिरवायचा. शेवटी शेवटी ते अक्षर लांजेवार सरांचं राहिलंच नव्हतं, सोमाचं झालं होतं.

नवीन हेडमास्तर आले. कडक माणूस. "हा काय गावठी प्रकार?" म्हणाले. सोमाला पुसायला सांगितलं. सोमा हात जोडून उभा राहिला. तेव्हा हेडमास्तरांनी स्वतःच डस्टर उचलला, कोपऱ्यापर्यंत नेला, अन् तिथेच हात तसाच वर धरून उभे राहिले. आम्ही सगळे खिडकीतून बघतोय!

मिनिटभरानं डस्टर खाली ठेवून म्हणाले, "मला आत्ता टपाल बघायचं आहे." रिटायर होईपर्यंत त्यांचं टपाल संपलं नाही.

जनाबाई रोज दुपारी एक थाळी जास्तीची मांडायची. संध्याकाळी तोच भात सोमा खायचा.

*

अन् आता तो शेवटचा.

सहाव्या वर्षी पोळ्याला जनाबाईनं अंथरूण धरलं. तुमसरच्या डॉक्टरांनी तपासलं अन् सोमाला बाहेर नेऊन सांगितलं, आठ दिवस. आठाचे पंधरा झाले. दसरा गेला. अंगावर नुसती कातडी उरली, कूस बदलली तरी किंचाळायची. पाणी गिळवत नव्हतं. पण जीव जाईना. सोमा शाळेतून आला की रोज एकच विचारायची, "हाय का अजून फळ्यावर?"

"हाय."

"मंग मी कशी जाऊ? मले वाढाचं हाय नं."

दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद होती. लांजेवार सर आपल्या गावी गेले होते. एका दुपारी सोमा माझ्या दारात आला. हातात किल्ल्यांचा जुडगा.

"बाई, आज मी ते पुसतो," तो म्हणाला. "तिचे हाल पाहवत नाही जी. पण पुसलं, म्हणजे पोरगा येत नाही असं मीच म्हटल्यासारखं होईन. बापानंच म्हटल्यासारखं. एकट्यानं नाही होत मले. तुमी संग चाला."

मी गेले. भर दुपारची वेळ, गावात चिटपाखरू नव्हतं. सोमानं हँडपंपावर फडकं भिजवलं, घट्ट पिळलं. मॅट्रिकच्या वर्गाचं कुलूप त्यानं माझ्यासमोर उघडलं. सुट्टी लागली त्या दिवशी त्यानंच लावलं होतं. खिडक्या आतून बंद. आत कोंदट वास येत होता.

सोमा फळ्यापर्यंत गेला अन् थांबला.

चौकट होती. चौकटीत काही नव्हतं. काळाभोर, स्वच्छ फळा. अन् ओला. कडेकडेनं वाळत आला होता, मधे अजून ओलच होती. खाली फरशीवर पांढऱ्या पाण्याचे चार थेंब.

"कोणं पुसलं?" सोमा म्हणाला. त्याच्या हातातलं फडकं अजून घडी केलेलंच होतं.

मग तो धावत सुटला. मी मागे. शाळेच्या मागचं त्याचं घर, तेवढ्या अंतरात माझ्या चपला कुठे गेल्या ते कळलं नाही.

दाराबाहेर एक फाटकी पिशवी होती. आत पाटावर एक बाप्या बसला होता. दाढी वाढलेली, कानाशी केस पिकायला लागलेले. मी माधवला कधीच पाहिलं नव्हतं, पण सोमाचं नाक होतं ते. तो मान खाली घालून जेवत होता अन् त्याच्या डोळ्यांतलं पाणी थाळीत पडत होतं.

अन् जनाबाई चुलीजवळ बसून त्याला भात वाढत होती. जनाबाई! दोन महिने जिला उठवून बसवायला दोन माणसं लागत होती, ती! पदर खोचलेला, हातात पळी.

"मी आलो तं माय दारातच उभी होती," माधव म्हणाला. "म्हणे, बस, भात तयार हाय."

जनाबाईनं वर बघितलं. "इतका वेळ कुठं होते जी तुमी? हात धुवा. बाई, तुमी बी बसा. थंडा होऊन राहिला."

आम्ही बसलो. मी तो भात खाल्ला आहे. गरम होता. मीठ जरा जास्त होतं. मी मधेच थांबले तेव्हा तिनं विचारलं, "बाई, तब्येत बरी नाही का?"

दिवेलागणीच्या आत ती गेली. माधवचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तशीच.

तेरवीला लांजेवार सर आले. कोपरा बघितला, चौकट स्वतःच्या हातानं पुसली अन् बाहेर येऊन पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. माधव त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी सोमाजवळ गेले. मला एकच गोष्ट खात होती. वाढताना जनाबाईच्या खोचलेल्या पदराचं टोक मला दिसलं होतं. ओलं होतं, अन् पांढरं झालं होतं.

"सोमा, पीठ लागलं असेल रे," मी म्हणाले. "नाहीतर भाताची पेज."

सोमानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"बाई, तीस वर्स झाले मी फळे पुसून राहिलो. मले खडू समजत नाही का?"